अनुभव धागा: 'असू दे, लागेल' – अडगळीतून केलेले कंदील, तोरणं आणि भेटी

मोगरी_नेरूळ
आज माळा काढला. दसरा झाला की आमच्याकडे हे असतंच. मागे ढकललेला एक शर्टाचा खोका निघाला, वर आईच्या अक्षरात 'कंदील सामान'. आत घोटीव कागदाचे तुकडे, साडीच्या जरीच्या पट्ट्या, सुतळीची गुंडी आणि कुणाकुणाच्या लग्नपत्रिका. त्यातल्या एका जोडप्याला आता नातवंडं आहेत!

लहानपणी आम्ही नौपाड्यात राहायचो. बाबा गॅलरीत कामट्या तासायचे, आई मैद्याची खळ शिजवायची. तिच्यात मोरचूद (ते निळे खडे) पडलं की आम्हा मुलांना भांड्याजवळ फिरकायची बंदी, कारण ते विषारी. ते भांडंही वेगळं, काळं ठिक्कर. आई काहीच टाकायची नाही. 'असू दे, लागेल.' आणि लागायचंच.

तर दिवाळी तोंडावर आलीय, ऑफिस आहे, मुलांच्या परीक्षा आहेत. घरातल्याच वस्तूंतून झटपट काय करता? कंदील, भाऊबीजेची भेट, संक्रांतीचं वाण, काहीही सांगा. फक्त स्वतः केलेलं सांगा, व्हिडिओत पाहिलेलं नको. व्हिडिओत सगळ्यांचंच चांगलं होतं.

गवतीचहा
पत्रिकांचं मी सांगते. गणपतीचं चित्र असतं म्हणून टाकवत नाही, रद्दीत घालवत नाही, आणि कपाटात गठ्ठा वाढत जातो. मी गणपती नीट कापून घेते आणि आहेराच्या पाकिटांवर चिकटवते. पाकीटसुद्धा पत्रिकेच्याच जाड कागदाचं. एक रुपयाचं नाणं लावलं की झालं. टीव्ही बघता बघता डझनभर होतात. उरलेल्या सोनेरी नक्षीच्या पट्ट्या फराळाच्या डब्यांना. लोक विचारतात कुठून आणलीस, मी सांगते 'घरचीच आहेत', आणि त्यांना वाटतं मी भाव खातेय.

पेंगुळलेला_पोपट
रात्री साडेनऊला आमचं रत्न: 'आई, उद्या शाळेत कंदील न्यायचाय. टाकाऊ वस्तूंचाच पाहिजे, बाईंनी सांगितलंय.' टाकाऊ वस्तू शोधायला मग त्याचे बाबा खाली जाऊन नवीन कार्डपेपर घेऊन आले. 😂

गवतीचहा
😂😂 घरोघरी

ठाणेकर_आबा
मोगरी, तुझ्या बाबांचा तो पारंपरिक कंदील असणार. त्याचं गणित फार सोपं आहे, लोक उगाच घाबरतात. सारख्या लांबीच्या चोवीस काड्या घ्यायच्या. चार-चारचे सहा चौकोन बांधायचे. मग चौकोनाच्या टोकाला शेजारच्या चौकोनाचं टोक बांधत जायचं. वेगळे त्रिकोण करायचेच नाहीत, मधल्या जागेत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. चौकोनांना एक रंग, त्रिकोणांना दुसरा. वरचा चौकोन बल्ब सोडायला उघडा ठेवायचा, खालच्याला शेपट्या. सगळ्या काड्या एका मापाच्या हव्यात. एक जरी लांब झाली तरी सगळा सांगाडा तिरका होतो आणि दिवाळीभर येणारा-जाणारा मान वाकडी करून बघतो.

सीवूड्सची_सई
आबा पण कामट्या आणायच्या कुठून? बांबू कोण तासून देणार

ठाणेकर_आबा
जुन्या खराट्याच्या काड्या. लहान कंदील त्याचेच करायचे, गॅलरीत पाच-सहा ओळीने छान दिसतात. मोठा हवा असेल तर वर्तमानपत्राच्या नळ्या. कागद आडवा ठेवून कोपऱ्यातून तिरका, विणायच्या सुईवर घट्ट गुंडाळत न्यायचा, शेवटच्या टोकाला खळ, सुई काढून घ्यायची. वाळल्यावर चांगली ताठ होते. टोकं चेपून दोऱ्याने बांधायची. आमच्या वेळी आत साठचा पिवळा बल्ब असायचा, कागद करपायचा. आता एलईडीने ती काळजी कमी झाली. पण कागदी कंदिलात पणती ठेवायची हौस कुणी करू नका.

सीवूड्सची_सई
सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींचा खराटा पळवावा लागणार

मिसळमामा
खळीवरून आठवलं, आमच्याकडे नुसत्या मैद्याची केली होती, मोरचूद नको म्हणून. उंदरांनी रात्रीत कंदिलाच्या कडा खाल्ल्या. फक्त कडा. मधला कागद जसाच्या तसा.

मोगरी_नेरूळ
आईच्या मोरचुदाचं कारण आत्ता कळलं 😄

चिंगी_दिवाळे
आमचं घर दिवाळे कोळीवाड्यात, बेलापूरला. आमच्याकडे अडगळ म्हणजे फाटकी जाळी! बाबा फाटलेलं जाळं तुकडा तुकडा कापून ठेवतात, भाजीच्या वेलाला, कोंबड्यांना, कशालाही लागतं. मागच्या वर्षी बिघडलेल्या टेबलफॅनच्या पुढच्या-मागच्या दोन्ही जाळ्या एकमेकींना तारेने बांधल्या, त्याचा चपटा गोळा झाला. त्यावर निळं नायलॉनचं जाळं ताणून बसवलं, आत एलईडीची माळ. खाली शेपट्यांच्या जागी जाळ्याचे जुने बोये, म्हणजे जाळं तरंगत ठेवणारे गोळे, लटकवले. पाऊस आला तरी काही होत नाही, कागद नाहीच ना. जाळ्याला आधी दोन-तीनदा साबणाच्या पाण्यातून काढायचं बरका, नाहीतर पाहुण्यांआधी मांजरी येतात.

मिसळमामा
बोयांच्या शेपट्या! फोटो टाक चिंगी

चिंगी_दिवाळे
टाकते, आता भावाला डबा द्यायचाय

कोरडा_कचरा
मी जरा कडू बोलणार आहे. पुठ्ठा, वर्तमानपत्र हे रद्दीवाला घेतो, त्याचा परत कागद होतो. आपण त्यावर फेविकॉल थापतो, चमकी टाकतो, टिकल्या चिकटवतो, वरून प्लॅस्टिकची लेस. तुळशीच्या लग्नानंतर ते कुणीच घेत नाही, सरळ कचऱ्यात जातं. म्हणजे जे पुन्हा वापरलं गेलं असतं त्याची आपणच वाट लावतो. ज्याला खरंच कुणी घेत नाही त्याचं काहीतरी करा. फाटके कपडे, फुटक्या बांगड्या, चिंगीचं जाळं. पुठ्ठ्याचं करायचंच असेल तर खळ आणि साधे रंग वापरा, चमकी नको.

पेंगुळलेला_पोपट
चमकी तर आमच्या सोफ्यातून अजून निघतेय, मागच्या गणपतीतली

गवतीचहा
कोरडा कचरा, पटलं. पण सगळं नाही. मखराचंच घे. 2018 ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमच्या सोसायटीत रडारड होती, आता मखर कशाचं करायचं म्हणून. त्या वर्षी फ्रिजच्या खोक्याचं केलं. घड्या घालून ठेवलं, दरवर्षी फक्त वरची साडी बदलतो. अजून तेच आहे. चिकटवण्याऐवजी खाचा पाडून अडकवलं की खोकं शेवटी रद्दीतही जातं.

कोरडा_कचरा
हे मस्त आहे. खाचा म्हणजे लाख बोललात.

आजीची_नात_ऐरोली
साडीचं माझ्याकडून. आजीची इरकल मधून विरली होती, काठ मात्र जसेच्या तसे. आई म्हणाली पोतेरं कर. मी काठ उसवून घेतले आणि दाराचं तोरण केलं. मधल्या मऊ कापडाचे बटवे. लांबट तुकडा, दुमडून दोन बाजू शिवायच्या, वरच्या तोंडाला दोन बोटांचा नेफा, त्यातून काठाचीच नाडी. मशीन नको, हाताने धावदोरा चालतो. संक्रांतीला हळदीकुंकवाला तेच वाण म्हणून वाटले, आत तिळगूळ आणि हलवा. आत्याने बटवा हातात घेतला आणि लगेच ओळखलं, 'ही आईची इरकल!' मग वाण राहिलं बाजूला, अर्धा तास त्या साडीच्याच गोष्टी. ही साडी कुठल्या लग्नात घेतली, कोण रुसलं, कुणाला मिळायला हवी होती. शेवटच्या मुद्द्यावर जरा तापलंच वातावरण.

मिसळमामा
वाटणीचा दावा बटव्यावर आला म्हणायचा 😄

मोगरी_नेरूळ
नात, डोळ्यात पाणी आणि हसू एकदम. आईची एक नारायणपेठी माझ्याकडे पडून आहे, कात्री लावायचा धीर होत नाही.

आजीची_नात_ऐरोली
ताई, चांगली असेल तर नको लावू. नेस. माझी विरलेलीच होती.

घोडबंदर_वहिनी
सगळ्यांचे अनुभव गोड आहेत, आमचा ऐका. मोठ्या नणंदेला भाऊबीजेला नवऱ्याकडून द्यायला काचेच्या बाटलीवर लिप्पन केलं, म्हणजे ते कच्छचं मातीचं नक्षीकाम, आरसे लावून. दोन संध्याकाळी बसले होते. त्यांनी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, 'यात काय घालायचं?' मी म्हटलं शोभेची आहे. 'बरं.' पुढच्या वेळी गेलो तर त्यात फिनाईल. तेव्हापासून सासरी पाकीट. हाताने केलेली वस्तू ज्याला कळते त्यालाच द्यावी, माझं स्पष्ट मत. बाकीच्यांना पैसे द्या, त्यांनाही बरं आणि आपल्यालाही.

पेंगुळलेला_पोपट
फिनाईल!!! 🤣🤣

गवतीचहा
निदान वापरात तरी आहे 🙈

सीवूड्सची_सई
बाटल्यांची लेबलं निघतात कशी? माझ्या अर्धवट खरवडलेल्याच राहतात

घोडबंदर_वहिनी
गरम पाण्यात भिजवून कागद काढायचा. मागे जो चिकटा राहतो त्याला खोबरेल आणि खायचा सोडा कालवून चोळायचा, अर्ध्या तासाने तारेच्या घासणीने. आणि सुतळी रॉकेलमध्ये बुडवून, पेटवून बाटली कापायचं ते घरात मुलं असताना अजिबात करू नका. काच कुठेही तडकते.

जुईनगर_जोशीबाई
शिवण येत नसेल त्यांच्यासाठी: जुना टीशर्ट. बाह्या कापा, गळा खोल कापा, झाले पिशवीचे बंद. खाली बोटभर रुंदीच्या झिरमिळ्या कापून पुढची-मागची अशी गाठ मारत जा. दहा मिनिटांत पिशवी. मुलीने गॅदरिंगचे जुने टीशर्ट असेच संपवले आणि मैत्रिणींना दिले, आत फराळाचा डबा. माझा भाजीवाला तीच पिशवी बघून रोज विचारतो, 'मॅडम, तुम्ही खेळाडू होता का?' पाठीवर नंबर आहे ना.

खारघरचा_मावळा
कंदील वगैरे ठीक, पण किल्ल्याचं कुणीच बोललं नाही?? ठाण्याच्या चाळीत अंगणात दगडमातीचा व्हायचा. इथे सोसायटीत माती आणली की समितीचे काका हजर, 'ड्रेनेज तुंबेल.' म्हणून आमचा किल्ला गॅलरीत. बुटांचे खोके उतरंडीने रचायचे, वर गोणपाट भिजवून टाकायचं, त्यावर मातीचा पातळ राड. बुरूज म्हणजे पावडरचे रिकामे डबे. तट म्हणजे अंड्यांच्या ट्रेची उलटी बाजू, कापून उभी केली की जंग्या-चर्या (तटातली मारा करायची भोकं आणि वरचे कंगोरे) तयारच. गोणपाटावर हळीव भुरभुरवा, रोज पाणी शिंपडा, तीन-चार दिवसांत हिरवंगार. मोहरीही चालते. हळीव म्हणजे अळीवच, नाहीतर कुणी विचारेल.

ठाणेकर_आबा
भले शाब्बास. कुठला किल्ला?

खारघरचा_मावळा
मुलगा म्हणतो राजगड. तीन माच्या (बालेकिल्ल्याखालचे तटबंदीचे सपाट भाग) करायच्यात, खोके दोन माच्यांपुरतेच आहेत. संजीवनी माची लांबट असते ना, तिला बुटांचे खोके पुरत नाहीत.

ठाणेकर_आबा
संजीवनीला ट्यूबलाइटचा लांब खोका वापर. पद्मावती आणि सुवेळा बुटांच्या खोक्यात बसतील. बालेकिल्ला मधोमध आणि सगळ्यांत उंच, हे विसरू नका, मुलं नेहमी कडेला घालतात.

कोपरीची_मनी
चकली मऊ का पडते कुणी सांगेल का 😭 धागा चुकलाय माहितेय

जुईनगर_जोशीबाई
मऊ पडते की तेलात विरघळते? विरघळत असेल तर मोहन जास्त. मऊ पडत असेल तर मोठ्या आचेवर घाईत तळलीस, बुडबुडे कमी होईपर्यंत थांब.

कोपरीची_मनी
घाईतच तळली 🙈 थँक्यू काकू. बरं मग विषयाचं पण सांगते. पाण्यावरचे दिवे. काचेचे एकटेदुकटे उरलेले ग्लास असतात ना, सेट फुटून राहिलेले. पाऊणभर पाणी, वर बोटभर गोडं तेल. प्लॅस्टिकच्या बाटलीचं रुपयाएवढं गोल कापायचं, मधे भोक, त्यातून वात. ती तेलावर तरंगते. तेल संपून वातीला पाणी लागलं की दिवा आपोआप विझतो. पाण्यात झेंडूच्या पाकळ्या किंवा फुटक्या बांगड्यांचे तुकडे टाकले की खालून रंग दिसतात.

मोगरी_नेरूळ
हा मी करणार. एकटेदुकटे ग्लास हीच माझी मुख्य संपत्ती.

आजीची_नात_ऐरोली
झटपट नाही पण सांगून ठेवते, आजी कागदाच्या टोपल्या करायची. वर्तमानपत्र दोन-तीन दिवस भिजवून लगदा, त्यात भिजवून वाटलेल्या मेथ्या. मेथीचा चिकटपणा डिंकासारखा धरतो. पातेलं पालथं घालून त्याला ओलं फडकं लावायचं, वरून लगदा थापायचा आणि कडकडीत उन्हात ठेवायचं. ऑक्टोबरचं ऊन त्यासाठीच असतं असं ती म्हणायची. आमच्या घरी लसूण अजून तिच्या टोपलीत आहे.

पेंगुळलेला_पोपट
त्यात फराळ देता येईल का?

कोरडा_कचरा
नुसता नको. छापील कागदाची शाई खाण्याला लागते. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं एफएसएसएआयनेही, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही, सांगितलंय. आत बटर पेपर किंवा केळीचं पान घाला, किंवा सरळ डब्यात घालून डबा टोपलीत ठेवा.

चिंगी_दिवाळे
फोटो टाकला बघा. मांजर पण आलीय फोटोत

मिसळमामा
वाह! मांजर बोये मोजतेय 😍

खारघरचा_मावळा
ठाण्यात कुणाकडे बुटांचे खोके किंवा ट्यूबचा लांब खोका आहे का? शनिवारी मी येतोय.

घोडबंदर_वहिनी
आमच्याकडे बुटांच्या खोक्यांची थप्पी आहे, नवरा टाकू देत नाही. ट्यूबचा पण असेल. पण घोडबंदरला शनिवारी येऊ नका, ट्रॅफिकमध्ये किल्ला तिथेच बांधावा लागेल. मी स्टेशनला येणारच आहे, दहा नंबर प्लॅटफॉर्मवर देते, पनवेल गाडीच्या वेळेला. बाटल्या पण हव्यात का?

खारघरचा_मावळा
वहिनी देवासारख्या भेटलात. बाटल्या नकोत, आमच्याकडे फिनाईल डब्यातच येतं 😁