पगारातले २०० रुपये नक्की जातात कुठे?

पगारजीवी: मंडळी, बावळट प्रश्न आहे, हसू नका. स्लिपवर दर महिन्याला पीटी (व्यवसाय कर) २०० आणि फेब्रुवारीत ३००. एचआरला विचारलं तर म्हणे सगळ्यांचाच कापतात. ऑफिसातले एक काका म्हणाले हा रोजगार हमीसाठी लावलेला. खरंय का? आणि खरं असेल तर गरीब कोण हे ठरवतं कोण, कारण आमच्या गावात गरिबांचं पिवळं रेशन कार्डवाल्यांच्या दारात ट्रॅक्टर उभा असतो.

माणदेशी: काका बरोबर आहेत. १९७५ चा कर, रोहयोला, म्हणजे रोजगार हमी योजनेला, पैसा उभा करायला पगारदारांवर बसवला. योजनेची कल्पना वि. स. पागेंची, ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती. १९६५ ला तासगाव तालुक्यात विसापूरला करून बघितली आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली. माझी आज्जी तेव्हा खडी फोडायला जायची, मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी बांधून. ती सांगायची पाटलाच्या घरच्या बायका पण तोंडावर पदर ओढून शेजारी बसायच्या. आणि गरीब कोण ते इथे कुणी ठरवतच नाही बघ, दाखला नको, यादी नको. उन्हात राबायचं आणि मजुरी कमी, गरज नसलेला येईल कशाला? तुझा ट्रॅक्टरवाला येईल का टिकाव घेऊन?

झणझणीत: तो नाही येत रे, त्याचं नाव येतं मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर 😀 आणि म्हातारी माणसं, अपंग, बाळंतीण यांच्या हातात काय टिकाव देणार? त्यांना यादीच लागते, अंत्योदय रेशन योजनेचं ३५ किलो धान्य लागतं. खरी गोम पिवळ्या कार्डाच्या मर्यादेत आहे, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५ हजार! एवढ्यात कुठलं घर चालतं? मग मजूरही खोटा दाखला काढतो आणि ट्रॅक्टरवालाही, कागदावर दोघं सारखेच.

माणदेशी: हे मान्य. पण रोहयोत पण मेख आहेच, काम मागितल्यावर १५ दिवसांत नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यावा लागतो, म्हणून अर्जाची पोचपावतीच देत नाहीत. माझ्या चुलत्याने तीन खेटे घातले.

पगारजीवी: मग मिळाली का पावती?

माणदेशी: छे. चौथ्या वेळी मुकादमाचाच फोन आला, उद्यापासून नाला बंडिंगवर (नाल्याला बांध घालायच्या कामावर) या, पावतीचं सोडा म्हणाला.