लढाई पाहिलेल्या जवानाचा स्वतःच्या अंदाजावर किती भरवसा असतो?

मृण्मयी_नागपूर
नमस्कार मंडळी. एमए सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टसाठी विषय घेतलाय, लढाईचा अनुभव आणि सैनिकांचं मेटाकॉग्निशन. म्हणजे आपल्याला काय माहितीये, काय नाही, आपला अंदाज कितपत पक्का आहे हे स्वतःशीच तपासत राहणं. त्याला जोडून शेअर्ड मेंटल मॉडेल पण आहे, म्हणजे अख्ख्या टीमच्या डोक्यात परिस्थितीचं एकच चित्र, कोण कुठे, कोण काय करणार, प्लॅन फिसकटला तर पुढे काय. मी वाचते त्यात बरेचदा असाच सूर असतो की अनुभव वाढला की दोन्ही सुधारतं, पण मला हे इतकं सरळ वाटत नाहीये. अनुभवाने माणूस उलट फाजील आत्मविश्वासात नाही का जात? फौजेत राहिलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा.

रिटायर्ड_सुभेदार_सातारा
ताई, मी पायदळातला, बरीचशी नोकरी एलओसीवर झाली. तुमचे ते मोठे शब्द मला माहीत नाहीत पण गोष्ट माहितीये. रात्री अँबुश लावून, म्हणजे दबा धरून बसलोय, नवीन पोरगं कुजबुजतं, साहेब चार जण येतायत. जुना हवालदार त्याला एकच विचारतो, दिसले का वाटले? अंधारात झुडपाकडे टक लावून बघत बसलं की झुडूप चालायला लागतं, हे नव्या पोराला सांगून पटत नाही. ज्याच्यावर एकदा फायर आलाय त्याला कळलेलं असतं की अशा वेळी आपलेच डोळे-कान दगा देतात, बाजूचा ओरडतो ते ऐकू येत नाही, दोन मिनिटं तासाएवढी वाटतात. म्हणून तो घाई करत नाही, नजर जरा बाजूला ठेवून बघतो कारण अंधारात तसंच नीट दिसतं, आणि रिपोर्ट देताना पाहिलेलं वेगळं सांगतो, अंदाज वेगळा सांगतो.

दुसरं म्हणजे सँड मॉडेल. माती, दगड, चुना, सुतळी घेऊन जमिनीवर अख्खा डोंगर उभा करतात आणि त्याच्याभोवती बसून प्लॅन समजावतात. तिथे सगळ्यात ज्युनिअर पोराला उठवून विचारायचं, मी पडलो तर कमांड कोणाकडे, एलएमजीवाला, म्हणजे लाइट मशीनगनवाला पडला तर ती गन कोण उचलणार, शेजारचं सेक्शन, म्हणजे बाजूची छोटी तुकडी, कुठून येतंय. प्रत्येकाला दुसऱ्याचं काम पाठ पाहिजे. ज्या पलटणीने मार खाल्लाय ती हे मनापासून करते, बाकीचे उरकतात.

नेव्ही_वाचक
काकांचं 'दिसले का वाटले' भारीच आहे. पण मृण्मयीची शंकापण रास्त आहे, तिने ३ जुलै १९८८ ची व्हिन्सेन्सची केस बघायलाच हवी. अमेरिकन क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, इराणच्या आखातात, त्या सकाळी आधीच इराणी बोटींशी गोळीबार चाललेला. आदल्या वर्षी त्याच आखातात स्टार्क या अमेरिकन जहाजावर इराकी क्षेपणास्त्रं लागून ३७ नौसैनिक गेलेले, ते सगळ्यांच्या डोक्यात. बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं प्रवासी विमान स्क्रीनवर आलं आणि कोणीतरी एफ-१४, म्हणजे लढाऊ विमान म्हटलं. तिथून पुढे जहाजाच्या कंट्रोल रूममध्ये प्रत्येकाला एफ-१४ च दिसायला लागलं, विमान वर चढत होतं, त्यांच्याच यंत्रणेत तशी नोंद झालेली, तरी रिपोर्ट जात होते की खाली येतंय. शेवटी व्हिन्सेन्सने क्षेपणास्त्रं सोडून ते पाडलं, उड्डाणापासून साधारण सात मिनिटांत २९० माणसं गेली. जवळच्याच साइड्स या अमेरिकन जहाजाच्या कॅप्टनला मात्र त्या विमानात धोका वाटला नव्हता.

म्हणजे चित्र शेअर्ड होतं, अगदी पक्कं शेअर्ड, आणि साफ चुकीचं. त्यानंतरच अमेरिकन नौदलाने ताणाखाली टीम निर्णय कसे घेते यावर मोठं संशोधन करवून घेतलं आणि शेअर्ड मेंटल मॉडेलवरचं बरंच काम त्यातूनच पुढे गेलं. माझं मत, एकमत हा गुण मोजूच नका, ते मोडायला कोणी तोंड उघडू शकतो का ते मोजा.

सह्याद्री_ते_द्रास
कारगिलचं उदाहरण घे. १८ ग्रेनेडियर्स या पलटणीचे जवान मे १९९९ मध्ये तोलोलिंग शिखरावर चढले तेव्हा वर शत्रू किती, कसा बसलाय याची धड माहिती नव्हती, मेजर राजेश अधिकारी आणि लेफ्टनंट कर्नल विश्वनाथन तिथेच शहीद झाले, शेवटी १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने माथा घेतला. तीच १८ ग्रेनेडियर्स जुलैच्या सुरुवातीला टायगर हिलला गेली तेव्हा पद्धतच वेगळी होती, आधी नीट रेकी म्हणजे टेहळणी, बोफोर्स तोफांचा थेट मारा, एकाहून जास्त बाजूंनी चढाई आणि घातक प्लाटून, म्हणजे पलटणीतली निवडक हल्ला तुकडी, सरळ कड्यावरून दोराने, जिथून कोणी येईल असं समोरच्याला वाटणारच नाही. समोरचा कसा विचार करतो हे तोलोलिंगने शिकवलं होतं आणि आपण काय गृहीत धरलं होतं हेपण.

त्यातला योगेंद्रसिंह यादवचा प्रसंग तुझ्या विषयाला चपखल बसतो. गोळ्या लागून मेल्यासारखा पडून होता तेव्हा खालच्या आपल्या एमएमजी (मीडियम मशीनगन) पोस्टवर हल्ला करायचं शत्रूचं बोलणं त्याने ऐकलं, आणि तसल्या अवस्थेत घसरत खाली येऊन आपल्या लोकांना सांगितलं. एकोणीस वर्षांचं पोर, हात निकामी, पण खालच्यांना कुठली गोष्ट माहीत नाहीये आणि ती आत्ताच कळायला हवी हे डोक्यात शाबूत होतं! मला तर याहून मोठं उदाहरण सापडत नाही.

मृण्मयी_नागपूर
बापरे, खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. काका, मी माजी सैनिकांच्या मुलाखती घेणार आहे. 'तुम्हाला किती खात्री होती' असं विचारलं तर चालेल का?

रिटायर्ड_सुभेदार_सातारा
नका विचारू, सगळे पक्की होती म्हणून सांगतील. त्यापेक्षा विचारा, त्या वेळी तुम्हाला काय दिसत नव्हतं, शेजारच्या सेक्शनचं काम काय होतं, प्लॅन बदललाय हे कोणाकडून आणि कधी कळलं. एकाच सेक्शनचे दोघे-तिघे मिळाले तर वेगवेगळे बसवून विचारा आणि मग ताडून बघा, एकत्र बसवलं की सीनिअर बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. लोक भेटायला तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, कॉलेजचं पत्र घेऊन. आणि एखादा गप्प झाला तर तिथेच थांबा, खोदू नका, पुढच्या खेपेला तो आपणहून बोलेल.