मराठवाड्यातून कणभौतिकीच्या प्रयोगासाठी अनुदान मागावे का, आणि मागायचे तर नेमके कशासाठी?

गोदाकाठ

नांदेड परिसरातील एका अनुदानित महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवतो. प्रायोगिक कणभौतिकीसाठी केंद्रीय अनुदानाचा प्रस्ताव पाठवण्याचे मी ठरवले आहे. विभागात हे सांगितल्यावर एका सहकाऱ्यांनी विचारले, की जिनिव्हाचा २७ किलोमीटरचा बोगदा आपण आसनेच्या काठी खणणार आहोत का. दुसऱ्यांनी खालच्या आवाजात सल्ला दिला, की अर्ज करायचाच असेल तर नॅनोपदार्थांवर करा, तो निदान मंजूर तरी होतो. त्या वेळी मी दोघांनाही उत्तर दिले नाही. ते येथे मांडतो, आणि माझे चुकत असेल तर ते प्रस्ताव पाठवण्याआधीच कळावे अशी इच्छा आहे.

कणभौतिकी म्हणजे केवळ सर्न, म्हणजे जिनिव्हाची ती प्रयोगशाळा, नव्हे. विश्वकिरण वातावरणावर आदळून तयार झालेले म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण त्याहून जड कण, जमिनीवर सतत पडत असतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक. ऊटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगातील ५६० चौरस मीटरच्या म्युऑन दुर्बिणीने १ डिसेंबर २०१४ रोजी एका वादळी ढगाखाली म्युऑनांची संख्या सुमारे २ टक्क्यांनी घटल्याची नोंद केली, आणि त्यावरून त्या ढगातील विभवांतर सुमारे १३० कोटी व्होल्ट असल्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. धन म्युऑन ऋण म्युऑनांपेक्षा काहीसे अधिक असल्यामुळे ढगातील विद्युतक्षेत्राचा दोहोंवरील परिणाम एकमेकांत पूर्ण विरून जात नाही. सारी मोजणी या छोट्याशा असमतोलावर उभी आहे.

वादळे आपल्याकडेही कमी नाहीत. मृगाआधीचा वळीव दरवर्षी येतो, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट येथे कोणी विसरलेले नाही. एक चौरस मीटरचा सिंटिलेटर (कण आरपार गेला की क्षणभर चमकणारा पदार्थ) ठेवला तर मिनिटाला सुमारे १०,००० म्युऑन मोजले जातील. अठरा मिनिटांत ते १,८०,००० होतात आणि त्यांतील संख्याशास्त्रीय अनिश्चितता पाव टक्क्याहून कमी राहते. म्हणजे २ टक्क्यांची घट अशा लहान उपकरणालाही दिसायला हवी.

राज्य विद्यापीठे आणि त्यांच्या महाविद्यालयांसाठी 'सर्ब' या केंद्रीय अनुदान मंडळाच्या काळात जी योजना होती, तिची मर्यादा तीन वर्षांसाठी ३० लाख रुपये होती. आता सर्ब २०२३ च्या कायद्याने आलेल्या एएनआरएफ या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे, तरी मी तोच आकडा धरून अंदाजपत्रक केले. एका संशोधक विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे ३७,००० आणि तिसऱ्या वर्षी ४२,००० रुपये दरमहा दिले, तर घरभाडे भत्ता सोडून १३ लाख ९२ हजार होतात. उपकरणांना दहा-अकरा लाख पुरतात. निम्म्याच्या आसपास रक्कम विद्यार्थ्याला जाते याचे काहींना वाईट वाटते; मला तोच या अर्जाचा सर्वांत चांगला भाग वाटतो.

कोरडवाहू

आपल्या तळमळीबद्दल आदर आहे, पण मी या अर्जाच्या विरोधात आहे, आणि माझा विरोध 'आधी पाणी, मग विज्ञान' एवढा ढोबळ नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा मी त्याच शहरात होतो. विंधन विहिरींची पातळी, बेसॉल्टमधील भेगांतून होणारे पुनर्भरण, गारपिटीचा अंदाज हे सगळे पदार्थविज्ञानाचेच प्रश्न आहेत. त्यांवर काम करणारा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक मला आमच्या पंचक्रोशीत अजून भेटलेला नाही. आपल्याकडे एक अर्ज करण्याइतकेच बळ असेल, तर तो म्युऑनांवर का खर्च करावा?

दुसरे असे, की मोठ्या विज्ञानाचा आपला अनुभव काय आहे? न्यूट्रिनो वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे १,५०० कोटींची मंजुरी दिली, आणि तमिळनाडूतील तो डोंगर विरोधामुळे अजून पोखरला गेलेला नाही. आपल्या औंढा नागनाथला लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा येत आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी मंजूर झाले. त्या चार-चार किलोमीटरच्या भुजांच्या आसपासच्या किती महाविद्यालयांत गुरुत्वीय लहरींवर एखादा तास तरी होतो? पैसा येतो, कुंपण पडते आणि गाव बाहेर राहते.

गोदाकाठ

कोरडवाहू साहेब, लायगोचे आपले निरीक्षण माझ्याच बाजूने जाते. कुंपणाच्या आत जाण्यासाठी ज्याला डिटेक्टर, इलेक्ट्रॉनिक्स आणि नॉइज हाताने हाताळता येते असा मुलगा लागतो, आणि तो हिंगोली-नांदेडच्या प्रयोगशाळेत घडला नाही तर इंदूर, गांधीनगर किंवा पुण्याहूनच येणार. भूजलाचा अर्ज कोणी केला तर त्याच्या टंकलेखनाला मी बसेन. मात्र मला जे येते त्याचाच अर्ज मी करू शकतो. न येणाऱ्या विषयावर लोकोपयोगी शीर्षक चढवून अर्ज करणे हीच आपल्याकडची जुनी खोड आहे.

जुना परीक्षक

काही वर्षे मी अशा प्रस्तावांच्या छाननीचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या भागातून येणारे बहुतेक प्रस्ताव नाकारले जातात त्याचे कारण भेदभाव नसते. तो कधी कधी असतोही, पण त्याआधीच प्रस्ताव स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. उपकरणांची यादी आधी ठरलेली असते आणि प्रश्न मागून शिवलेला असतो. आपल्या प्रस्तावात निदान प्रश्न आधी आला आहे, हे मी मान्य करतो. पण समितीसमोर आपण पंधरा मिनिटेही टिकणार नाही, आणि का ते सांगतो.

ऊटीची ती घट साऱ्या आकाशातील नव्हती. दुर्बिणीला ज्या अनेक दिशा वेगळ्या पाहता येतात त्यांपैकी काही ठरावीक दिशांतली होती. आपला सपाट सिंटिलेटर सगळ्या दिशा एकत्र मोजणार, त्यामुळे ढगाने न झाकलेल्या दिशांचे म्युऑन त्यात मिसळून ती घट पातळ होणार. २ टक्क्यांची अर्ध्या टक्क्यावर आली, तर आपल्या पाव टक्क्याच्या अनिश्चिततेपुढे ती जेमतेम दुप्पट राहते, आणि तेवढ्यावर कोणी शोधनिबंध छापत नाही. शिवाय ऊटी २,२०० मीटर उंचीवर आहे, नांदेड नाही. ढग आणि डिटेक्टर यांच्यातील अंतर येथे बरेच जास्त.

हवेचा दाब एक हेक्टोपास्कल वाढला, की म्युऑन साधारण एक-दशांश टक्क्याने कमी होतात. वादळाच्या तोंडावरच दाब झटक्याने काही हेक्टोपास्कल चढतो, म्हणजे जे शोधायचे त्याच क्षणी त्याच्यासारखे दिसणारे सोंग हजर. उरले तापमान. सिंटिलेटरची चमक टिपायला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर वापरणार असाल, तर त्याचा गेन, म्हणजे संकेत वाढवण्याचे प्रमाण, तापमानाबरोबर ढळतो, आणि मे महिन्यातल्या ४२ अंशांवरून पहिल्या सरीबरोबर पारा तासाभरात दहा-बारा अंशांनी उतरतो. आपण ढग मोजत आहात की पत्र्याखालची खोली, असे समिती विचारील. अंदाजपत्रकात वातानुकूलनाचा आणि वायुभारमापकाचा उल्लेखही नाही.

तिफण

परीक्षक सरांशी सहमत आहे, पण त्यातून निघणारा माझा निष्कर्ष वेगळा आहे. मी परभणी जिल्ह्यातला; सध्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात पीएच.डी. करतो आहे. एकट्याने डिटेक्टर उभारण्याचा हा मार्गच मला चुकीचा वाटतो. सर्नच्या ॲलिस प्रयोगातील फोटॉन मोजणारा डिटेक्टर कोलकात्याच्या सायक्लोट्रॉन केंद्राच्या पुढाकाराने बांधला गेला आणि त्यात जम्मू, राजस्थान व पंजाब या विद्यापीठांचा हात होता. ही काही आयआयटी नव्हेत. जम्मूला जे जमले ते छत्रपती संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या विद्यापीठाला का जमू नये? भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. सर्नच्याच सीएमएस प्रयोगाची विदा (डेटा) २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुली होत आली आहे, आणि ती वापरायला एक रुपयाही लागत नाही. अनुदान मागायचेच तर कोणत्या तरी समूहात शिरण्यासाठी मागावे: प्रवास, संगणक आणि दोन विद्यार्थी.

गोदाकाठ

तिफण, खुल्या विदेवर आमची मुले आताही प्रकल्प करतात, आणि ते चालूच राहील. परंतु समूहात शिरण्यासाठी समूहाला आपल्याकडून काहीतरी हवे असावे लागते. जम्मूची मंडळी प्रवेश मागत उभी नव्हती. त्यांनी यंत्राचा भाग बांधला. ज्या विभागात एम.एस्सी.च्या प्रयोगात गायगर काउंटरपलीकडे कोणी गेलेले नाही, तो विभाग समूहाला काय देणार? निव्वळ विदा चाळणारे मनुष्यबळ. प्रायोगिक हा शब्द मी त्यासाठी वापरू इच्छित नाही.

तासिकातत्त्व

एवढ्या मोठ्या चर्चेत एक साधी गोष्ट राहून गेली. प्रमुख संशोधक होण्यासाठी नियमित पद लागते. माझी पीएच.डी. डिटेक्टरवरच झाली आहे, मी दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो, आणि या देशातील अशा बहुतेक योजनांसाठी मी अस्तित्वातच नाही. ज्यांचे पद नियमित आहे त्यांच्यावर रिक्त जागांमुळे दुसऱ्याचाही कार्यभार येतो. सहायक प्राध्यापकाचे आठवड्याचे १६ तास हे कागदावरचे तास झाले. ३० लाख मिळतील, पण तो डिटेक्टर रात्री पाहणार कोण? वर जे १३ लाख ९२ हजार लिहिले आहेत त्यासाठी विद्यार्थीही सापडायला हवा. लातूर पॅटर्नच्या या मुलखात गणित-विज्ञानात चमकणारे पोर बारावीनंतर वैद्यकीयला जाते, उरलेले एम.एस्सी. करून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसते.

कोरडवाहू

हे वाचून माझा मुद्दा अधिकच पक्का झाला. आता पैशाच्या वाटेचेही बोला. शास्त्रीय उपकरणांवर सार्वजनिक संशोधन संस्थांना ५ टक्के जीएसटीची सवलत होती. जुलै २०२२ पासून ती गेली आणि १८ टक्के लागतात. दहा लाखांच्या उपकरणांवर आधी ५० हजार कर होता, तो १ लाख ८० हजार झाला. एका हाताने अनुदान देऊन दुसऱ्या हाताने ते काढून घेणाऱ्या व्यवस्थेसाठी आपण उन्हात का धावावे?

गोदाकाठ

कराचा हिशेब खरा आहे, आणि मी तो धरला नव्हता, हेही खरे आहे. पूर्वी एका लहान प्रकल्पाच्या वेळी पैसे येऊनही एका कार्यालयात आमची खरेदीची फाइल सात महिने पडून होती, आणि शेवटी मार्चअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्रासाठी जे मिळेल ते घ्यावे लागले. त्या अनुभवानंतरही मी पुन्हा अर्ज करतो आहे, याला कोणी वेडेपणा म्हटले तर वाद घालणार नाही.

परीक्षक सरांच्या आक्षेपांवर मात्र चार रात्री घालवल्या. तापमानाबद्दल थोडे माझ्या बाजूने बोलता येईल: मी स्पंदांची उंची मोजत नाही, संख्या मोजतो, आणि उंबरठा म्युऑनच्या शिखराच्या बराच खाली ठेवला तर गेन थोडा ढळला तरी संख्या फारशी हलत नाही. तरीही खोलीचे तापमान स्थिर हवे आणि प्रत्येक स्पंदाबरोबर तापमान व दाब नोंदला गेला पाहिजे, हे मान्य. दिशांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. दोन थर ठेवून फक्त माथ्यावरचे म्युऑन निवडले, तर ढग नीट पकडता येतो, पण संख्या घटते आणि अनिश्चितता पुन्हा वाढते. म्हणून एका वादळावरून विभवांतर काढण्याचा दावा मी प्रस्तावातून काढून टाकत आहे. त्याऐवजी तीन पावसाळ्यांतील सर्व वादळे एकत्र रचून सरासरी परिणाम दिसतो का, आणि न दिसल्यास त्याची वरची मर्यादा काय, एवढेच मांडेन.

येथे पदार्थवैज्ञानिक बिभा चौधुरींची आठवण होते. दार्जिलिंगच्या डोंगरांत डी. एम. बोस यांच्यासोबत त्यांनी फोटोच्या पट्ट्यांवर विश्वकिरणांचे माग काढले, मेसॉन या कणाचे वस्तुमान मोजण्याच्या जवळ पोहोचल्या, आणि युद्धामुळे चांगल्या दर्जाच्या पट्ट्या न मिळाल्याने काम तेथे अडले. ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉवेल यांना १९५० चे नोबेल मिळाले ते उत्तम पट्ट्यांवर झालेल्या कामासाठी.

जुना परीक्षक

बिभाताईंच्या पाठीशी कोलकात्याची बोस संस्था होती, हे विसरू नका. आपल्या पाठीशी कोण आहे? सुधारलेला प्रस्ताव पहिल्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. 'परिणाम दिसला नाही तर मर्यादा देऊ' असे लिहिणारा अर्जदार मला क्वचितच दिसला. तरी मी समितीत असतो तर एका अटीवर शिफारस केली असती: ज्यांनी मोठी म्युऑन दुर्बीण चालवली आहे अशा गटातील एक सहसंशोधक आणि त्यांचे लेखी संमतिपत्र. त्याशिवाय नाही. तिफणचा आग्रह पूर्ण नाही, पण अर्धा बरोबर आहे.

तासिकातत्त्व

आणि संशोधक विद्यार्थ्याऐवजी प्रकल्प सहायकाचे पद ठेवता येते का ते पाहा. मी अर्ज करीन. पण तीन वर्षांनंतर खोलीचे वीजबिल कोण भरणार, हे आधी लिहून घ्या.

कोरडवाहू

माझा विरोध कायम आहे. मात्र आमच्या परिसरातील कृषी महाविद्यालयात स्वयंचलित हवामान केंद्र आहे, आणि दाबाच्या जुन्या नोंदी तेथे मिळू शकतील. वादळात दाब किती चढतो हे आपण अंदाजाने लिहिण्यापेक्षा त्या नोंदी पाहून लिहा. पत्र मी देतो.

गोदाकाठ

साहेब, पत्र अवश्य द्या. संमतिपत्रासाठी दोन ठिकाणी लिहिले आहे. वीजबिलाची हमी प्राचार्यांच्या सहीने हवी. मॅडम सोमवारी भेटतील. भारनियमनात वातानुकूलन बंद पडल्यास त्या काळातील नोंदी वगळण्याची पद्धत कशी लिहावी, याबद्दल परीक्षक सरांनी दोन ओळी लिहिल्या तर बरे होईल.