रक्त चार महिन्यांचं, मग डोनरचं वय कशाला बघतात?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या धाकट्या काकांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरलंय. बाबा सख्खे भाऊ, वय ६८, मीच देणार म्हणून हट्ट धरून बसलेत, रिपोर्ट बी जुळलाय. खरं डॉक्टर म्हणूलालेत काकांच्या पोराचं अर्धंच जुळतंय तरी त्याचं बघूया, तो २६ चा आहे. बाबा रुसलेत. तांबड्या पेशी १२० दिवसांत मरतात नी नव्या येतात, म्हणजे माझं रक्त चार महिन्यांचंच की, म्हणतात! मला बी उत्तर सुचेना.

लॅबवाली टिळकवाडी:
रक्त नवं, खरं ते बनवणारी स्टेम सेल ६८ वर्षांचीच की. म्हातारपणी ह्या पेशी कमी होतात असं वाटतं ना, तसं नाही, उलट संख्या वाढते, एकेकीचा दम तेवढा उतरतो नी लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी निघायला लागतात. शिवाय एकेका पेशीत वर्षाला साधारण १७ म्युटेशन, म्हणजे डीएनएतले बारीक बदल, साठत जातात. बहुतेक बिनकामाचे. पण एखादा डीएनएमटी३ए किंवा टेट२ ह्या जीनमध्ये बसला की त्या पेशीची पिलावळ बाकीच्यांना मागं टाकते. सत्तरीपुढं साधारण दहातल्या एकाच्या रक्तात असा क्लोन सापडतो, कॅन्सर नव्हे हां, बहुतेकांना काही होत नाही, खरं डोनरमधला क्लोन पेशंटमध्ये जाऊन बसू शकतो. तरी पूर्ण जुळणारा भाऊ सहजासहजी सोडत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना कारण नीट विचारा.

खानापूरकर:
डीएनए तुटला तर पेशी दुरुस्त करते म्हणतात ना?

वडगावचा लूमवाला:
करते की. माझी पोरगी बायोटेकला आहे, तिनं आमच्या भाषेत सांगितलं. स्टेम सेल बहुतेक वेळ झोपलेली असते, तेव्हा डीएनए तुटला तर ताडून बघायला दुसरी कॉपी नसते, मग दोन टोकं धरून गाठ मारते. आम्ही बी तुटलेला धागा असाच जोडतो, गाठ धरते पण मधला एखादा तुकडा गेला तर डिझाइन चुकलंच. पेशी विभागायला लागली की नवी कॉपी शेजारी असते, मग बघून बघून नीट जोडता येतं. आता म्हातारी पेशी जास्त झोपते म्हणजे गाठी साठतात, नी उंदरांत बघितलंय, उठवली तर कॉपी काढायची मशीनच अडखळते, त्यात परत तुटतं. आमच्या ४० वर्षांच्या मागासारखंच, बंद ठेवला तर गंजतो नी चालू केला तर धागे तोडतो 😀

निपाणीचा पाव्हणा:
सगळे म्हातारे मोडीत काढू नका राव. हेंड्रिक्ये व्हान आंडेल-स्किपर नावाची डच आजी ११५ वर्षं जगली, २००५ ला गेली. तिचं रक्त तपासलं तर निम्म्याहून जास्त पांढऱ्या पेशी फक्त दोन स्टेम सेलपासून आलेल्या! तरी रक्ताचा आजार नाही.

लॅबवाली टिळकवाडी:
होय, खरं तिच्या पेशी तिच्याच अंगात होत्या. ट्रान्सप्लांटमध्ये थोड्या पेशींना अख्खा मॅरो भरून काढायला लागतो, म्हणजे झोपलेल्यांना एकदम कामाला जुंपायचं.

खानापूरकर:
बाबांना मागाचं वाचून दाखवलं. क्लोनची टेस्ट करा मग बघू, म्हणतात. ती इकडं होते का, की सँपल बाहेर पाठवतात?