मदत हवी: मेटल डिटेक्टरने नाणी किती खोलवर सापडतात?

लांजेकर:
जरा घाई आहे, सोमवारी जेसीबी येतोय. डिटेक्टर भाड्याने आणलाय, दोन मीटर खोल पकडतो असं सांगितलं होतं. तपासायला एक रुपया वीतभर खाली पुरला, तर वाजतच नाही. उलट रिकाम्या जागी सारखा कोकलतो. मशीन बिघडलंय का?

सर्किटवाला:
कुठलं मशीन? कॉइल, म्हणजे जमिनीवर फिरवायची चकती, केवढी? माती कसली? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

लांजेकर:
साधंच आहे, ताटाएवढी कॉइल. कोकणातली माती, अजून कसली असणार!

सर्किटवाला:
म्हणजे जांभा. त्यात लोह भरपूर, म्हणून रिकामं कोकलतो. आधी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीनला मातीतल्या लोहाकडे दुर्लक्ष करायला लावा, मग सेन्सिटिव्हिटी कमी करा. ती वाढवली की गोंगाटच वाढतो. सुट्या नाण्याला चांगल्या मातीत ८ ते १० इंच मिळतात, जांभ्यात त्याहून कमी. अंतर दुप्पट झालं की परतणारा सिग्नल ढोबळमानाने ६४ पट क्षीण होतो. दोन मीटरवर सुटं नाणं कुठल्याच मशीनला दिसत नाही.

नाणेप्रेमी:
चाचणीच चुकीची आहे. आताचा रुपया स्टीलचा, चुंबकाला चिकटतो. डिस्क्रिमिनेशन चालू असेल तर मशीन त्याला खिळा समजून गाळतं. चांदीचं किंवा तांब्याचं काहीतरी पुरून बघा. शोधताय काय, राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये?

आबा_राजापूर:
आमच्याकडे शोधायला पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाला आणायचे. मशीनपेक्षा बरं.

सर्किटवाला:
आबा, सोमवारी जेसीबी आहे. त्यांना उपयोगी पडेल असं सांगूया.

आबा_राजापूर:
मी अनुभवाचं सांगतोय. विहिरीचं पाणी असंच लागलंय.

लांजेकर:
हो, पणजीचे राणीछाप. तांब्यात भरून माजघरात पुरलेत.

सर्किटवाला:
अहो, हे आधी सांगायचं! मग सुटं नाणं नाही, अख्खा तांब्या शोधायचाय. मोठ्या कॉइलने तो नाण्यापेक्षा बराच खोल लागेल. जेसीबीवाल्याला सांगा, माजघरात वीत-वीतभर थर काढ. प्रत्येक थरानंतर कॉइल फिरवा. कौलारू घराचे खिळे आधी वेचून टाका.

वकिलीणबाई:
सापडल्यावर गप्प बसू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. घर तुमचं असलं तरी.

दादरकर:
१८६२ चा रुपया आहे माझ्याकडे. काय भाव येईल?

नाणेप्रेमी:
दादरकर, वेगळा धागा काढा. लांजेकर, नाणी चिंचेने घासू नका. संग्राहक घासलेल्या नाण्याला हात लावत नाहीत.

लांजेकर:
चांदीचा करंडा पुरून बघितला, वीतभर खाली स्वच्छ वाजला! लांजा-राजापूरकडे कोणाकडे मोठी कॉइल आहे का? रविवारपर्यंत हवी, भाडं देईन.