लष्करी संशोधनासाठी लहान उद्योगांना अनुदान: पैसा चुकीच्या टप्प्यावर थांबतोय का?

भोसरीचा लेथवाला

आमचं भोसरी एमआयडीसीत युनिट आहे. चौदा माणसं, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटाईची यंत्रं), तीन लेथ. वीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क केलं. 2021 मध्ये दोन तरुण इंजिनिअर भागीदार म्हणून आले आणि आम्ही लष्करासाठी एक वस्तू करायला घेतली. कॅमेऱ्यासाठी 9 मीटर उंचीचा मास्ट, म्हणजे नळ्यांचा खांब, दुमडून दोन जवानांना पाठीवर नेता येईल असा. सरकारी अनुदान मंजूर झालं, निम्मा खर्च त्यांचा, निम्मा आमचा. आमचा निम्मा म्हणजे पिंपळे गुरवचा फ्लॅट बँकेकडे तारण. योजनेचं किंवा कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार एखाद्या टेबलाबद्दल नाही.

प्रोटोटाइप सोळा महिन्यांत तयार झाला. मग आली ट्रायल. लष्करी खरेदीत 'एनसीएनसी' म्हणून प्रकार असतो, 'नो कॉस्ट नो कमिटमेंट'. माल तुमचा, वाहतूक तुमची, माणसं तुमची, त्यांचं राहणंखाणं तुमचं, आणि वस्तू पास झाली तरी आम्ही घेऊच असं नाही. लडाखला दोन माणसं आणि दोन मास्ट घेऊन गेलो. अकरा लाख गेले. हा खर्च अनुदानात बसत नव्हता.

अहवाल चांगला आला. त्यानंतर सतरा महिने कुणी काही बोललं नाही. मग कळलं की क्यूआर, म्हणजे वस्तू कशी हवी त्याची यादी, बदलली आहे. आता 12 मीटर हवा. बाहेरच्याला वाटेल, तीन मीटरची नळी वाढवायची, त्यात काय! पण वाऱ्याचा सगळा ताण बुडाशी येतो. उंची वाढली की खालच्या नळीचा व्यास वाढतो, व्यास वाढला की वजन वाढतं, आणि वजन वाढलं की दोन जवान पुरत नाहीत. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून डिझाइन.

पैसा नाही असं कुणी म्हणू नये. आयडेक्स, म्हणजे संरक्षण खात्याची नवउद्योगांसाठीची अनुदान योजना, एप्रिल 2018 मध्ये चेन्नईच्या डिफेन्स एक्स्पोत जाहीर झालं, तेव्हा एका प्रकल्पाला दीड कोटीपर्यंत मिळायचे. 2022 मध्ये आयडेक्स प्राइम आलं, मर्यादा 10 कोटी. मार्च 2024 मध्ये 750 कोटींची अदिती योजना आली, तिच्यात 25 कोटींपर्यंत मिळू शकतात. डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीची मर्यादा 10 वरून 50 कोटींवर नेली. हे झालं नसतं तर माझ्यासारखा माणूस या वाटेला फिरकलाही नसता, हे मनापासून सांगतो. पण यातला बहुतेक पैसा नमुना तयार होईपर्यंतचा आहे. नमुन्यापासून पहिल्या पंचवीस नगांपर्यंत जायचं कसं, तिथे लहान कारखाना एकटा पडतो. मोठ्या कंपनीला दोन वर्षं थांबणं परवडतं. माझे दोन फिटर थांबले नाहीत, चाकणला गेले.

माझं म्हणणं असं: लाभार्थी हवे तर निम्मे करा, पण प्रत्येकामागे ट्रायलचा खर्च धरा, आणि पास झाल्यास 20-25 नगांची पहिली ऑर्डर आधीच बांधून ठेवा. तुमचं मत काय?

जुना सिग्नलवाला

लेथवाले साहेब, फ्लॅट तारण ठेवून कुणी सैन्यासाठी काही बनवतं हे वाचून बरं वाटलं. तरी ऑर्डर आधीच बांधून ठेवायला माझा साफ विरोध.

सैन्यात 24 वर्षं नोकरी केली, त्यातले दोन हिवाळे पंधरा हजार फुटांवर. कागदावर पास झालेल्या वस्तू तिथं उणे पंचवीसला काय करतात ते पाहिलंय. बॅटरी सकाळी पूर्ण भरलेली असते, दुपारी निम्मी. साधी पीव्हीसीची केबल वाकवली की आवरण काचेसारखं तडकतं. ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. जी वस्तू चालत नाही ती खाली कोण आणतो? आमचाच पोरगा, पाठीवर. ट्रायल एकाच उन्हाळ्यात झाली असेल तर मी तिला अर्धी ट्रायल म्हणेन. हिवाळा पाहिल्याशिवाय पंचवीस नग घ्यायचे म्हणजे पंचवीस ठिकाणी धोका पेरायचा.

दुसरं, 2020 नंतर सीमेवर समोरच्या बाजूची, म्हणजे चीनची, तयारी बदलली तशी आपली गरजही बदलली. क्यूआर बदलतो तो दर वेळी कुणाच्या लहरीने नाही.

आणि सामान कुठलं आहे हेही बघावं लागतं. फेब्रुवारी 2025 मध्ये लष्कराने 400 ड्रोनचे करार रद्द केले, साधारण 230 कोटींचे. कारण, आत चिनी भाग. अशा वेळी ऑर्डर आधीच बांधलेली असती तर?

एक विचारतो, राग मानू नका. तुमचा मास्ट जाड हातमोजे घालून उभा करून पाहिलात का?

शेवगावची

काका, चिनी भाग नकोत याबद्दल दुमत नाही. पण ते येतात कुठून ते आतून सांगते. मी ड्रोनच्या मोटरवर काम करते, वारज्यात आमची शेड आहे. तांब्याचं वाइंडिंग आम्ही स्वतः करतो, स्टॅम्पिंग पुण्यातलंच, बेअरिंग बाहेरचं पण चीनचं नाही. अडतं ते चुंबकापाशी. निओडिमियमचे चुंबक जगात बहुतेक चीनमध्येच बनतात. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना लावला, त्यात डिस्प्रोशियम आणि टर्बियम होते. मोटर तापली तरी चुंबकाची ताकद टिकावी म्हणून हेच दोन घालतात. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक बिस्किटाचा डबा होता, त्यात उरलेले चुंबक. रोज संध्याकाळी मोजून वहीत लिहायचो. एक चिकटवताना फुटला तर त्या दिवशी चहाला कुणी उठत नसे.

आता हे चुंबक भारतात बनवा म्हणून कुणाला सांगायचं? भट्टी लावणारा पहिला प्रश्न विचारतो, किती लागतील? आम्ही म्हणतो, चाळीस ड्रोनपुरते, पुढचं माहीत नाही. तो फोन ठेवतो. पहिल्या ऑर्डरची खात्री एकट्या स्टार्टअपसाठी मागत नाही आम्ही. आमच्यामागे चार थरांवर जो चुंबकवाला, बेअरिंगवाला, केबलवाला आहे तो त्याशिवाय उभाच राहत नाही. त्यामुळे लेथवाले दादांशी सहमत.

हिशेबनीस

मी सीए आहे. अशी अनुदाने घेतलेले दोन अशील माझ्याकडे आहेत. दोघेही प्रामाणिक आहेत, तरीही पहिली ऑर्डर आधीच बांधण्याच्या धागाकर्त्यांच्या मागणीला मी विरोध करेन.

पहिली ऑर्डर आधीच ठरली की चाचणीत नापास करायला कोणी धजावणार नाही. ज्या अधिकाऱ्याने प्रकल्प निवडला, त्याच्याच नावावर अपयश लागणार. त्यापेक्षा 'किरकोळ त्रुटींसह स्वीकृत' असा शेरा मारून फाइल पुढे सरकवणे त्याला सोपे जाईल. आज निदान सरकारचे नुकसान अनुदानापुरते मर्यादित आहे. शिवाय 'लाभार्थी निम्मे करा' म्हणता, पण वगळायचे कोणाला? ज्याची ओळख नाही तोच आधी गळेल, आणि तो भोसरीतलाच असेल.

माझ्या मते लहान उद्योगाला ऑर्डर नसल्यापेक्षा उशिरा येणारा पैसा जास्त मारतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यात 45 दिवसांची मर्यादा आहे, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. एप्रिल 2024 पासून आयकराच्या 43बी(एच) कलमाने खासगी खरेदीदारांना चांगला धाक बसला, कारण वेळेत पैसे न दिल्यास त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. पण सरकारी खाते आयकरच भरत नाही, त्याला या कलमाची धग लागणार कशी? आणि अनुदानाचा हप्ता तर 'माल पुरवला' यात बसतच नाही, त्यामुळे तो सहा महिने रखडला तरी कायद्याने मागता येत नाही. माझ्या एका अशिलाने अशा रखडलेल्या हप्त्यापायी सीसी (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या) खात्यावर जे व्याज भरले, त्यात एक चाचणी निघाली असती. अनुदानाच्या हप्त्यालाही 45 दिवस लावा. ही मागणी लावून धरा, मी सही करतो.

डॅलसकर

इथल्या अनुभवाचा उपयोग होईल म्हणून लिहितो. अमेरिकेत लहान कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देणारा एसबीआयआर हा कार्यक्रम 1982 च्या कायद्याने सुरू झाला. ज्या सरकारी खात्याचं बाहेर देण्याचं संशोधन बजेट 10 कोटी डॉलरच्या वर आहे, त्याने 3.2 टक्के रक्कम लहान कंपन्यांना द्यायचीच. सगळ्यात मोठा वाटा संरक्षण खात्याचा. मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमनेही सुरुवातीच्या काळात यातून पैसे घेतले होते.

तीन टप्पे असतात. पहिल्यात कल्पना तपासायची, दुसऱ्यात नमुना, तिसऱ्यात खरेदी. तिसऱ्या टप्प्याला या कार्यक्रमातून एक डॉलरही मिळत नाही, तो पैसा खात्याने आपल्या खरेदी बजेटमधून काढायचा. म्हणजे लेथवाले जिथे अडले तिथेच इथलेही अडतात. मात्र दोन गोष्टी हाताशी असतात. आधीचे टप्पे पार केलेल्या कंपनीला तिसऱ्या टप्प्यात नव्याने टेंडर न काढता थेट काम देता येतं, एल-वनची, म्हणजे सगळ्यात कमी बोलीवाल्याची, रांग नाही. आणि कंपनीची तांत्रिक माहिती 20 वर्षं सुरक्षित, सरकार ती उचलून दुसऱ्याला बनवायला देऊ शकत नाही.

हिशेबनीस म्हणतात तसा सरकारी पैसा वाया जाण्याचा धोकाही इथे आहे. वर्षानुवर्षं फक्त अनुदानावर जगणाऱ्या, शेकड्यांनी प्रकल्प घेतलेल्या कंपन्या आहेत. त्यांना मर्यादा घालायची का, यावर अमेरिकी संसदेत एकमत झालं नाही आणि 30 सप्टेंबर 2025 ला कार्यक्रमाची मुदतच संपली. मी तीस माणसांच्या अशाच एका कंपनीत नऊ वर्षं आहे. त्या ऑक्टोबरमध्ये आमच्या लॅबमधला एक चेंबर बंद करून ठेवला होता, कारण त्याचं विजेचं बिल कुठल्या खात्यावर टाकायचं हे कुणाला सांगता येईना. चाळीस वर्षं चाललेल्या कार्यक्रमाचं असं झालं. तेव्हा भारतात जे काही कराल ते दर तीन वर्षांनी नव्या नावाने जाहीर होणाऱ्या योजनेत नको, कायद्यात बसवा.

वर्धेकर

मी वेगळं बोलतोय, सांभाळून घ्या. तुम्ही सगळे ऑर्डर कशी मिळेल यावर बोलताय. मला काळजी वाटते ती ऑर्डर मिळाल्यानंतरची. चौदा घरांची चूल एकदा सीमेवरच्या तणावावर पेटायला लागली की शांतता झाली तर तोटा, असा हिशेब कारखान्याच्या वहीत आपोआप शिरतो. लेथवाल्यांच्या मनात तसं काही नाही हे दिसतंच आहे. पण मास्टवर आज कॅमेरा आहे, उद्या काय बसवतील त्यावर त्यांचा हात राहत नाही. सार्वजनिक पैशातून लहान माणसाचं कौशल्य विकत घ्यायचं असेल तर आधी पाणी उपसणारा, शेतात राबणारा यांच्यासाठी घ्या. हेच दोन इंजिनिअर सोयाबीन कापणीचं लहान यंत्र करू शकले असते.

जुना सिग्नलवाला

वर्धेकर, तुमच्या भावनेचा मान आहे. एवढंच सांगतो, कॅमेरा 9 मीटरवर असतो तेव्हा बघायला माणूस टेकडीच्या डोक्यावर चढत नाही. आमच्या तुकडीतला एक चढला होता.

पाषाणची

ट्रायलच्या खर्चावर लेथवाल्यांना पाठिंबा. मी टेस्टिंगमध्ये काम करते. जेएसएस 55555 या लष्करी चाचणी मानकाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक वस्तूला धक्के, वाऱ्यासकट पाऊस, खारी हवा, बुरशी असं सगळं सोसावं लागतं, आणि चेंबरचं भाडं तासावर असतं. एका नापास गॅस्केटपायी पुन्हा पहिल्यापासून भाडं भरणारे लोक रोज बघते. टेस्टिंगच्या सोयी उभारायला 2020 मध्ये 400 कोटींची डीटीआयएस योजना आली, तिच्यात 75 टक्क्यांपर्यंत पैसा केंद्राचा. केंद्रं मात्र उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या संरक्षण उद्योग कॉरिडॉरमध्ये. डीआरडीओच्या इतक्या प्रयोगशाळा पुण्यात, अहिल्यानगरला, नाशिकला आहेत, त्यांच्याभोवती वाढलेल्या लहान कारखान्यांनी पेटी उचलून कानपूर-चेन्नई गाठायचं का?

भोसरीचा लेथवाला

सिग्नलवाले साहेब, हातमोज्यांचं बरोबर ओळखलंत. लडाखला पहिल्याच दिवशी एका जवानाने मास्ट हातात घेतला. नळ्यांना लॉक करायला आम्ही करंगळीएवढा खटका दिला होता. मोजा घातलेल्या हाताने त्याला तो सापडेचना. त्याने मोजा काढला, खटका दाबला आणि हात झटकला, धातू इतका गार होता. मी तिथे उभा होतो. परत आल्यावर रात्रीत नवीन खटका केला, चार बोटं मावतील असा, वर नायलॉनचं आवरण. तो आता माझ्या टेबलावर असतो. हिवाळ्याची ट्रायल झाली नव्हती हेही खरं आहे, त्यामुळे ऑर्डर आधी बांधण्याची मागणी मी मागे घेतो.

त्याऐवजी हे मागतो. हिवाळा आणि उन्हाळा, दोन्ही ट्रायली घ्या, खर्च अनुदानात धरा. ट्रायल संपल्यापासून सहा महिन्यांत हो किंवा नाही लेखी द्या. 'नाही' आलं तर मी रडत बसणार नाही, मशीन दुसऱ्या कामाला लावेन. सतरा महिने 'बघू' ऐकत फिटर सांभाळता येत नाहीत. आणि अनुदानाचा करार झाला की तो प्रकल्प संपेपर्यंत क्यूआर तसाच ठेवा.

हिशेबनीस

लेखी उत्तराची मुदत मान्य, दोन ट्रायली मान्य. क्यूआर गोठवणे नाही. मग सरकार जुन्या गरजेची वस्तू पूर्ण पैसे मोजून तयार करून घेईल. क्यूआर बदलला तर वाढीव डिझाइनचा खर्च सरकारने द्यावा, असे लिहा.

भोसरीचा लेथवाला

हे जास्त चांगलं आहे. तसंच लिहितो.

जुना सिग्नलवाला

मी तळेगावला असतो. रविवारी येऊ का खटका बघायला? माझे जुने मोजे घेऊन येतो. आणि शेवगावच्या ताई, तुमच्या ड्रोनच्या केबलचं आवरण पीव्हीसीचं असेल तर ते आधी बदला.