मुरुमांचे खड्डे: लेझर करावं का?

वय २९, रंग सावळा. ट्यूबलाइट बाजूने पडली की गालांची चाळणी दिसते. डॉक्टर फ्रॅक्शनल सीओटू लेझरच्या (त्वचेवर बारीक ठिपक्यांत मारतात ते) ४ सिटिंग्ज म्हणतायत. कुणी केलंय?

↳ मी, तीनदा, दीड-दीड महिन्याने. क्रीमने तासभर बधिर करतात, तरी चटचटतंच. वर जळक्या केसांसारखा वास, तो कुणी आधी सांगत नाही! पाच दिवस गाल म्हणजे पॉलिश पेपर. पसरट खड्डे बरेच भरले. सुईने टोचल्यासारखे खोल होते ते जैसे थे. त्यांत नंतर टीसीए (एक तीव्र अ‍ॅसिड) लावलं.

↳ सावळ्या त्वचेला काळे डाग पडू शकतात. माझे ४ महिने टिकले. चूक माझीच, सनस्क्रीन न लावता हळदीला गेले.

↳ बापरे! मेमध्ये भावाचं लग्न आहे. मग पावसाळ्यातच बघते.